उपकरणाला विचारलेला प्रश्न

आजच्या प्रयोगशाळेत बहुतेक मोजमापे माणसाच्या डोळ्यांनी घेतली जात नाहीत. संगणकाकडून केबलवाटे एक छोटी ओळ उपकरणाकडे जाते, उपकरण ती वाचते, तिच्यानुसार आपल्या आतल्या मंडलांची जुळणी करते, मोजते आणि एक आकडा परत पाठवते. तो आकडा तक्त्यात बसतो, तक्त्याचा आलेख होतो आणि आलेखावरून निष्कर्ष निघतो. या साखळीत उपकरणाच्या अचूकतेची चर्चा होते, नमुन्याच्या शुद्धतेची होते, आकडेमोडीच्या पद्धतीचीही होते. साखळीच्या आरंभी असलेल्या त्या ओळीची, म्हणजे संगणकाने उपकरणाला दिलेल्या आज्ञेची, मात्र सहसा होत नाही. निरोप पोचला, उत्तर आले, काम झाले, एवढेच तिच्याविषयी पुरेसे मानले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की ही समजूत मुळातच अपुरी आहे. काय मोजायचे एवढेच ती ओळ सांगत नाही. किती वेळ मोजायचे, कोणत्या पल्ल्यात मोजायचे, मोजल्या जाणाऱ्या मंडलावर उपकरणाने किती भार टाकायचा, हेही ती सांगते, आणि जे ती सांगत नाही ते उपकरणाचा उत्पादक तिच्या वतीने ठरवून टाकतो. म्हणून आज्ञांची यादी हा प्रयोगाच्या पद्धतीचाच भाग ठरतो, आणि पद्धतीला जी चिकित्सा लागू होते ती तिलाही लागू व्हायला हवी.

हाताने चालवायच्या उपकरणात या गोष्टी वेगळ्या उच्चारण्याची गरज नव्हती. मल्टिमीटरचे, म्हणजे विद्युतदाब, प्रवाह आणि रोध मोजणाऱ्या उपकरणाचे, बटण फिरवून योग्य पल्ला निवडणारा तंत्रज्ञ काटा स्थिर होईपर्यंत थांबत असे, आकडा संशयास्पद वाटला तर तारा हलवून पुन्हा पाहत असे, आणि मगच वहीत नोंद करत असे. या थांबण्यात आणि पुन्हा पाहण्यात बराच निर्णय दडलेला होता. तो हाताच्या सवयीत मुरलेला असल्याने कुणी लिहून ठेवत नसे. संगणकाने उपकरण चालवायचे ठरल्यावर हा निर्णय शब्दांत उतरवणे भाग पडले, आणि उतरवताना त्यातला जो भाग सुटला तो सुटला आहे हे पुढे कुणाच्या लक्षातही आले नाही, असे पुष्कळदा घडले.

ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने 1960 च्या दशकाच्या अखेरीस आपली उपकरणे एकमेकांशी आणि संगणकाशी जोडण्यासाठी एक समान जोडणी आखायला घेतली. ती एचपी-आयबी या नावाने प्रसिद्ध झाली, आणि आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने 1975 मध्ये तिला 488 क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली; इतर उत्पादकांच्या तोंडी ती जीपीआयबी झाली. या जोडणीत 16 संदेशवाहक तारा असतात: 8 माहितीसाठी, 5 व्यवस्थापनासाठी आणि 3 देवघेवीच्या हमीसाठी. या शेवटच्या तीन तारांची योजना फारच विचारपूर्वक केलेली आहे. बोलणारे उपकरण एका तारेवर ‘माहिती मांडली आहे’ असे कळवते. ऐकणारी उपकरणे उरलेल्या दोन तारांवर ‘अजून तयार नाही’ आणि ‘अजून घेतली नाही’ असे सांगू शकतात, आणि एकाही उपकरणाने तार रोखून धरली तर पुढचे अक्षर जात नाही. परिणामी एका मार्गावर जोडलेली, संगणक धरून, जास्तीत जास्त 15 उपकरणे त्यांतल्या सर्वांत संथ श्रोत्याच्या चालीने चालतात, आणि एकही अक्षर हरवत नाही. केबलची एकूण लांबी 20 मीटरपर्यंत, 24 पिनांचे जोड एकावर एक बसवता येणारे: हे सगळे इतके नेटके होते की अर्ध्या शतकानंतरही ही जाड केबल अनेक प्रयोगशाळांच्या टेबलांमागे लोंबताना दिसते.

तथापि या मानकाने अक्षर कसे पोचावे एवढेच ठरवले होते. काय बोलावे हे ठरवलेच नव्हते. त्यामुळे प्रत्येक उत्पादकाने, किंबहुना एकाच उत्पादकाच्या प्रत्येक विभागाने, आपापली परिभाषा रचली. ह्युलेट-पॅकार्डच्या 3478ए या मल्टिमीटरला ‘एफ1’ म्हटले की तो एकदिश विद्युतदाब मोजू लागे, ‘आरए’ म्हटले की पल्ला आपोआप निवडी, ‘एन5’ म्हटले की साडेपाच अंकी वाचन देई. (प्रत्यक्षात या आज्ञा रोमन अक्षरांत पाठवल्या जातात, येथे आणि पुढेही त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत.) दुसऱ्या उत्पादकाच्या उपकरणात त्याच अक्षरांचा अर्थ वेगळा असे किंवा काहीच नसे. यातून दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे उपकरण बदलले की संगणकातील सगळी प्रणाली पुन्हा लिहावी लागे. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण अधिक गंभीर आहे: अशी प्रणाली वाचून प्रयोगात काय केले गेले हे पुस्तिका हाताशी असल्याशिवाय कुणालाही, अगदी ती लिहिणाऱ्यालाही काही वर्षांनी, समजत नसे.

पहिली दुरुस्ती 1987 मध्ये 488.2 या पुरवणी मानकाने केली. संदेशाची रचना, आकड्यांची रूपे, उपकरणाने आपली स्थिती कशी कळवावी, हे त्याने ठरवून दिले, आणि तारकाचिन्हाने सुरू होणाऱ्या काही सामाईक आज्ञा सर्वांना बंधनकारक केल्या: ‘*आयडीएन?’ म्हणजे स्वतःची ओळख सांग, ‘*आरएसटी’ म्हणजे ठरावीक मूळ स्थितीत ये, ‘*ओपीसी?’ म्हणजे हातातले काम संपले की कळव. या मानकाचे एक तत्त्व विशेष लक्षणीय आहे. उपकरणाने ऐकताना उदार असावे आणि बोलताना काटेकोर असावे, असे ते सांगते. दहा हा आकडा ‘10’, ‘10.0’ किंवा घातांकी रूपात, कसाही आला तरी उपकरणाने तो स्वीकारावा, मात्र उत्तर देताना एकाच नेमक्या रूपात द्यावे. दुसरी आणि मोठी दुरुस्ती 1990 मध्ये झाली. आपसांत स्पर्धा करणाऱ्या उत्पादकांनी एकत्र येऊन, ह्युलेट-पॅकार्डच्या आधीच्या एका आज्ञाभाषेचा मोठा आधार घेऊन, ‘स्टँडर्ड कमांड्स फॉर प्रोग्रामेबल इन्स्ट्रुमेंट्स’ ही समान आज्ञासंहिता प्रसिद्ध केली. तिच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘स्किपी’ असा केला जातो. तिची शेवटची आवृत्ती 1999 ची आहे, पुढे तिची देखभाल आयव्हीआय फाउंडेशनकडे गेली, आणि केबल बदलून यूएसबी आली, इथरनेट आले, तरी तारेतून जाणारी ओळ बहुतांशी तीच राहिली.

स्किपीची रचना झाडासारखी आहे. ‘सेन्स:व्होल्टेज:डीसी:रेंज 10’ या आज्ञेत अपूर्णविरामचिन्हाने एकेक पायरी उतरत मोजणारा विभाग, त्यातील विद्युतदाब, त्यातील एकदिश प्रकार आणि त्याचा पल्ला असे नेमके ठिकाण गाठले जाते आणि तेथे 10 व्होल्ट हे मूल्य ठेवले जाते. त्याच आज्ञेच्या शेवटी आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह दिले की उपकरण सध्याचे मूल्य सांगते. प्रत्येक शब्दाला एक पूर्ण आणि एक संक्षिप्त रूप असते, आणि संक्षेप कसा करावा याचाही नियम आहे. ही सारी रचना साध्या मजकुरात असल्यामुळे ती माणसाला वाचता येते. संगणकशास्त्राच्या दृष्टीने मजकूर पाठवणे उधळपट्टीचे आहे, कारण हेच काम दोन-चार द्विमान अंकसमूहांत भागले असते. पण 1990 साली लिहिलेली मोजमापाची ओळ आजच्या विद्यार्थ्याला पुस्तिकेविना अर्धी-अधिक समजते, हा लाभ त्या उधळपट्टीच्या कितीतरी पट मोठा आहे.

या संहितेच्या कर्त्यांची आकांक्षा मात्र वाचनीयतेपेक्षा पुढची होती. उपकरणाच्या रचनेविषयी न बोलता मोजायच्या संकेताविषयी बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. एकाच प्रकारच्या दोन उपकरणांना एकच आज्ञा चालावी हे तर त्यांना हवे होतेच. त्यापलीकडे, वेगळ्या प्रकारची दोन उपकरणे जर तीच राशी मोजू शकत असतील तर त्यांनाही एकाच आज्ञेने विचारता यावे, अशी त्यांची इच्छा होती. एखादा स्पंद किती वेळात चढतो हे ऑसिलोस्कोप तरंगाचे चित्र काढून सांगतो आणि काउंटर नावाचे वेळमापक दोन क्षणांमधले अंतर मोजून सांगतो. विचारणाऱ्याला चढण्याचा काळ हवा आहे, मार्ग कोणता याच्याशी त्याला कर्तव्य नाही, असे येथे गृहीत धरलेले आहे. ‘मेझर:व्होल्टेज:डीसी?’ ही आज्ञा या विचाराचे सर्वांत शुद्ध रूप आहे. तिच्यात पल्ला नाही, काळ नाही, उपकरणाच्या अंतरंगाचा उल्लेख नाही. केवळ राशीचे नाव आणि प्रश्नचिन्ह.

हा विचार आकर्षक आहे, पण तो अर्धाच खरा आहे. मोजमाप ही मोजली जाणारी वस्तू आणि मोजणारे उपकरण यांच्यात घडणारी घटना आहे. तिच्यातून उपकरण वजा करून शिल्लक राहणारी निव्वळ राशी कोणत्याही केबलमधून येत नाही. हे तत्त्वचिंतन म्हणून सांगितले तर कुणी फारसा वाद घालणार नाही, आणि म्हणूनच एका प्रत्यक्ष उपकरणात ते कसे चावते हे पाहणे आवश्यक आहे.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला ह्युलेट-पॅकार्डचा 34401ए हा साडेसहा अंकी मल्टिमीटर घ्यावा. विद्युतदाब मोजताना कोणताही मल्टिमीटर मंडलातून थोडासा प्रवाह स्वतःकडे ओढतो. किती ओढतो हे त्याच्या प्रवेशरोधावर अवलंबून असते. या उपकरणात तो रोध मूळ स्थितीत 10 मेगाओहम असतो. ज्या मंडलाचा दाब मोजायचा आहे त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध 10 किलोओहम असेल, तर या ओढीमुळे वाचन सुमारे 0.1 टक्क्याने कमी येते. 10 व्होल्टच्या दाबावर जवळजवळ 10 मिलिव्होल्टची तूट. आता याच उपकरणाची 10 व्होल्टच्या पल्ल्यातली वर्षभराची घोषित अचूकता वाचनाच्या 0.0035 टक्के अधिक पल्ल्याच्या 0.0005 टक्के एवढी आहे, म्हणजे 10 व्होल्टवर 0.4 मिलिव्होल्ट. ज्या उपकरणाची किंमत त्या 0.4 मिलिव्होल्टच्या हमीसाठी मोजलेली असते, तेच उपकरण एका न बोललेल्या गृहीतकामुळे 25 पट मोठी चूक शांतपणे देते.

यावर उपाय आहे आणि तो आज्ञेतूनच करता येतो. ‘इनपुट:इम्पीडन्स:ऑटो ऑन’ ही आज्ञा दिली की लहान तीन पल्ल्यांमध्ये, म्हणजे 10 व्होल्टपर्यंत, प्रवेशरोध 10 गिगाओहमच्या वर जातो आणि वरची तूट नगण्य होते. परंतु ही आज्ञा देऊन त्यानंतर ‘मेझर:व्होल्टेज:डीसी?’ विचारले, तर ‘मेझर’ ही आज्ञा स्वतःच्या पूर्वतयारीत प्रवेशरोध पुन्हा 10 मेगाओहमवर आणते. उपकरण तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आज्ञा वैध होत्या आणि दोन्ही पाळल्या गेल्या. योग्य क्रम असा की आधी ‘कॉन्फिगर’ आज्ञेने राशी ठरवावी, मग प्रवेशरोध बदलावा आणि शेवटी ‘रीड?’ म्हणून वाचन मागावे. प्रणाली वाचणाऱ्या नवख्या माणसाला दोन्ही रचनांमध्ये प्रवेशरोधाची ओळ दिसते, तो समाधान पावतो, आणि एका रचनेत ती ओळ निष्प्राण आहे हे त्याला कळत नाही. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे, असे कुणी म्हणेल. लिहिलेले आहेच, पण साध्या भाषेचा भास देणारी संहिता पुस्तिका उघडण्याची सवयच कमी करते, हा तिचा छुपा दोष आहे.

उत्पादकाने मुळातच मोठा रोध का ठेवला नाही, हा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याचे उत्तर उत्पादकाच्या बाजूचे आहे: मोठ्या प्रवेशरोधाच्या स्थितीत जोडणीच्या तारा मोकळ्या राहिल्या तर वाचन भरकटते, शिवाय पल्ला बदलताना रोध बदलत गेला तर मंडलावरचा भारही बदलत जातो, स्थिर 10 मेगाओहम ही सर्वसाधारण वापरासाठी समंजस निवड आहे. अडचण निवडीत नाही. निवड कुणीतरी केलेली आहे, ही गोष्ट आज्ञेच्या पृष्ठभागावरून नाहीशी होते, यात आहे.

वेळेच्या बाबतीतही हेच घडते. असा मल्टिमीटर क्षणाचा दाब मोजत नाही. ठरावीक काळातील दाबाची सरासरी काढतो. हा काळ वीजपुरवठ्याच्या आवर्तनांत मोजण्याची पद्धत आहे, कारण भिंतीतल्या तारांमधून येणारा गोंधळ पूर्ण आवर्तनावर सरासरी काढली की आपोआप कटतो. भारतात पुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे होते, अमेरिकेत 60 हर्ट्झमुळे सुमारे 16.7 मिलिसेकंदांचे. एखाद्या उपकरणात ही वारंवारता हाताने निवडायची असेल आणि ते अमेरिकी मांडणीतच पुण्या-मुंबईच्या टेबलावर चालू झाले, तर सरासरीचा काळ पूर्ण आवर्तनाचा राहत नाही आणि कटायला हवा तो गोंधळ वाचनात डोकावतो. 34401ए पुरवठ्याची वारंवारता चालू होताना स्वतः ओळखतो. सगळी उपकरणे एवढी काळजी घेतातच असे नाही.

या विवेचनावर दोन बाजूंनी आक्षेप संभवतात. पहिला असा की हा भाषेचा दोष नसून वापरणाऱ्याच्या अज्ञानाचा आहे. उपकरण समजून घेणाऱ्याला यांतले काहीच छळत नाही. हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की समजून घेण्याची गरज उरू नये, असाच या संहितेचा एक उद्देश होता, आणि ज्या उद्देशाने साधन घडवले त्याच निकषावर ते तपासणे अन्यायाचे नाही. दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे: मग ‘मेझर’सारखी उच्चस्तरीय आज्ञा वापरूच नये, प्रत्येक मांडणी एकेक ओळीने सांगावी. ही सूचना नोंदवायच्या मोजमापांसाठी रास्त आहे, पण नियम म्हणून ताठर आहे. जोडणी बरोबर आहे का, मंडलात वीज आहे का, हे पाहण्यासाठी ‘मेझर’ अगदी योग्य आहे. तिचे उत्तर अहवालात जाऊ लागले की ती अपुरी पडते. राशीचे नाव सांगून संकेताविषयी बोलण्याचे स्वप्न ज्या मर्यादेत खरे ठरते ती मर्यादा हीच.

संहितेचे खरे यश दुसरीकडे आहे आणि त्याचे श्रेय तिला पुरेसे दिले जात नाही. ते तिच्या चूक सांगण्याच्या पद्धतीत आहे. आज्ञेत अक्षराची चूक झाली तर उपकरण ती पाळत नाही, आधीच्या स्थितीत राहते आणि स्वतःजवळच्या एका रांगेत चुकीची नोंद करते. ‘सिस्टिम:एरर?’ विचारले की त्या रांगेतली सर्वांत जुनी नोंद क्रमांक आणि मजकुरासह मिळते: उणे 113 म्हणजे अशी आज्ञाच अस्तित्वात नाही, उणे 222 म्हणजे दिलेले मूल्य मर्यादेबाहेर आहे, शून्य म्हणजे चूक नाही. क्रमांकांचे गटही अर्थपूर्ण आहेत. उणे 100 च्या घरात भाषेच्या चुका, उणे 200 च्या घरात भाषा बरोबर पण अंमलबजावणी अशक्य अशा चुका, उणे 400 च्या घरात प्रश्नोत्तराचा क्रम बिघडल्याच्या चुका, आणि धन क्रमांक उत्पादकाला मोकळे. भाषा चुकली की परिस्थिती आड आली, हा भेद 1990 सालच्या कितीतरी संगणकप्रणालींना करता येत नव्हता. फक्त एक अट आहे: विचारल्याशिवाय उपकरण बोलत नाही. समोरच्या पट्टीवर चुकीची खूण उमटते, आवाजही होतो, पण रात्रभर एकटे चालणाऱ्या प्रयोगात ती खूण पाहायला कुणी नसते. ज्या प्रणालीत ही रांग कधीच वाचली जात नाही, त्या प्रणालीचे आकडे चुकीचे असतीलच असे नाही; पण ते बरोबर आहेत असे म्हणण्याचा आधार तिच्याकडे नसतो.

मोजमाप पल्ल्याबाहेर गेले तर काय उत्तर द्यावे, या प्रश्नाला संहितेने दिलेले उत्तर तर चातुर्याचा नमुना आहे. अशा वेळी उपकरण 9.9 गुणिले 10 चा 37 वा घात हा आकडा पाठवते, आणि आकडाच अस्तित्वात नसेल तर 9.91 गुणिले 10 चा 37 वा घात. कोणत्याही प्रयोगशाळेत एवढ्या व्होल्टचा दाब असणे शक्य नाही, म्हणून हा आकडा खऱ्या वाचनाशी गल्लत होण्याची भीती नाही. आणि तरीही तो आकडाच असल्यामुळे, आकड्याची वाट पाहणारी साधी प्रणाली त्याच्यामुळे कोलमडत नाही. हजार वाचनांत असे एकही उत्तर मिसळले की सरासरी इतकी हास्यास्पद होते की दोष लपत नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी उद्भवतो. ‘अवास्तव’ वाचने गाळण्याची सोय अनेक विश्लेषणप्रणालींत असते, किंवा सरासरीऐवजी मध्यक घेतला जातो. मग उपकरणाने ओरडून सांगितलेली गोष्ट नीटनेटक्या आलेखात कुठेच उरत नाही. जी वाचने गळाली ती यादृच्छिक नव्हती, संकेत ज्या क्षणी सर्वांत मोठा होता त्याच क्षणांची होती, हे मग कुणाच्या ध्यानात यावे?

थांबण्याचा प्रश्न आता पुन्हा येतो, कारण हाताच्या काळातला तो सर्वांत मोलाचा निर्णय होता. अनेक प्रणालींत दोन आज्ञांच्या मध्ये अर्धा सेकंद, एक सेकंद असे विराम पेरलेले आढळतात. ते का, आणि तेवढेच का, याचे उत्तर लिहिणाऱ्यालाही बहुधा देता येत नाही. ‘*ओपीसी?’ या आज्ञेने त्या अंदाजाची गरज कमी केली, कारण उपकरण काम संपल्यावरच तिचे उत्तर देते. पण तिचा अर्थ जेवढा आहे तेवढाच घ्यायला हवा. वीजपुरवठा देणाऱ्या उपकरणाला दाब बदलायला सांगून ‘*ओपीसी?’ विचारले तर ते उपकरणाचे काम संपल्याचे सांगते. पलीकडच्या मंडलातील धारित्र भरले का, तापलेला नमुना स्थिरावला का, हे त्याला ठाऊक नसते. तेथे विराम लागतोच, आणि तो मंडलाच्या गुणधर्मांवरून काढलेला, प्रणालीत कारणासह लिहिलेला असावा लागतो.

उपकरणाच्या ओळखीची कथा काहीशी विनोदी आहे. ‘*आयडीएन?’ या प्रश्नाचे उत्तर चार भागांत येते: उत्पादक, नमुना, अनुक्रमांक आणि आतल्या प्रणालीची आवृत्ती. ह्युलेट-पॅकार्डचा मापनविभाग 1999 मध्ये अ‍ॅजिलेंट या नावाने वेगळा झाला, 2014 मध्ये त्यातून कीसाइट निघाली. पण अ‍ॅजिलेंटचे नाव छापलेला 34401ए ‘*आयडीएन?’ विचारल्यावर ह्युलेट-पॅकार्ड असेच उत्तर देत राहिला, कारण जगभरच्या असंख्य प्रणाली त्या उत्तरावर विसंबून होत्या. पुढे त्याची जागा घेणाऱ्या 34461ए या नव्या नमुन्यात तर जुन्या नमुन्याच्या नावाने उत्तर देण्याची अधिकृत सोयच दिलेली आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ही सोय समजण्यासारखी आहे. पण ओळखीचे उत्तर नोंदवहीत पुरावा म्हणून जात असेल, तर तेथे एक सोयीचे असत्य कायमचे नोंदले जाते. शिवाय जुना 34401ए अनुक्रमांकाच्या जागी शून्य देतो, तर कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित मूल्याशी ताडून उपकरणाची चूक ठरवण्याची तपासणी, ही नेहमी विशिष्ट अनुक्रमांकाच्या उपकरणाची असते.

या सगळ्यावर आता सोयीचे थर चढले आहेत. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने 1986 मध्ये आणलेल्या लॅबव्ह्यूमध्ये चौकोन आणि तारा जोडून प्रणाली काढता येते. पायथॉन भाषेतील पायव्हिसासारख्या संचाने केबल कोणतीही असो, ओळ पाठवणे सोपे केले. आयव्हीआय फाउंडेशनने उपकरण बदलले तरी प्रणाली बदलू नये यासाठी ड्रायव्हर नावाच्या मध्यस्थ प्रणालींची मानके रचली. यांपैकी कशालाही विरोध करण्याचे कारण नाही. मात्र मध्यस्थ जसजसा वाढतो तसतशी खरी आज्ञा दृष्टीआड जाते, आणि एका फाइलची आवृत्ती बदलली की तारेतून जाणारी ओळ कुणाला न सांगता बदलू शकते. म्हणून कितीही थर असले तरी प्रत्यक्षात तारेतून काय गेले आणि काय आले याची नोंद ठेवणे हा किमान शिस्तीचा भाग मानला पाहिजे. महाविद्यालयांच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये उपकरणांची यादी असते, आकृती असते, निरीक्षणतक्ता असतो. स्वयंचलित प्रयोगातही आज्ञांसाठी तेथे जागा नसते, आणि हीच रिकामी जागा पुढे शोधनिबंधांतही तशीच राहते.

अंतर वाढले की आणखी एक प्रश्न उभा राहतो, त्याचा येथे केवळ निर्देश पुरे. 20 मीटरच्या केबलला कुलपाची गरज नव्हती. प्रयोगशाळेचे दारच कुलूप होते. इथरनेटवर आलेल्या उपकरणांपैकी पुष्कळशी 5025 या क्रमांकाच्या द्वारावर साध्या मजकुरात आज्ञा घेतात आणि आज्ञा देणारा कोण हे विचारत नाहीत. इथरनेटवरून उपकरणांशी बोलण्याच्या हिस्लिप या संदेशपद्धतीची, ओळखपडताळणी आणि गुप्तलेखन यांची सोय करणारी, दुसरी आवृत्ती 2020 मध्ये आली, म्हणजे संहितेनंतर 30 वर्षांनी, आणि जुनी उपकरणे तिच्या कक्षेबाहेरच आहेत. उच्चदाबाचा पुरवठा चालू-बंद करणारी ओळ कुणीही पाठवू शकत असेल, तर प्रश्न आकड्यांपुरता राहत नाही.

आकड्यांच्या बाबतीत शेवटची गुंतागुंत प्रमाणपत्राची आहे. आयएसओ-आयईसी 17025 या मानकाची 2017 ची आवृत्ती, जिच्या आधारे भारतात एनएबीएल ही संस्था प्रयोगशाळांना मान्यता देते, माहिती गोळा करणारी संगणकीय व्यवस्था वापरात आणण्यापूर्वी तिची वैधता तपासण्याची अपेक्षा ठेवते. ही अपेक्षा बहुधा आकडेमोडीच्या सूत्रांपुरती समजली जाते. पण कॅलिब्रेशनचे आकडे उपकरणाच्या एका विशिष्ट मांडणीत घेतलेले असतात, सहसा संथ आणि स्थिर मांडणीत, आणि उत्पादकाची घोषित अचूकताही तासभर तापवलेल्या, साडेसहा अंकी मांडणीतल्या उपकरणाची असते. वेग हवा म्हणून एखाद्या प्रणालीने 34401ए ला सरासरीचा काळ 0.02 आवर्तन ठेवायला सांगितले, तर भारतात तो 0.4 मिलिसेकंद होतो, वीजपुरवठ्याचा गोंधळ कटत नाही, आणि 10 व्होल्टच्या पल्ल्यात उपकरणाला ओळखता येणारा सर्वांत लहान फरकच 1 मिलिव्होल्टचा उरतो, म्हणजे वर सांगितलेल्या 0.4 मिलिव्होल्टच्या हमीपेक्षा मोठा. त्या स्थितीतही त्याचे उत्तर नेहमीच्याच नमुन्यात येते, दशांशचिन्हापुढे आठ अंक देऊन. त्या आठांपैकी किती अंकांना अर्थ आहे हे उत्तरात कुठेही नसते, ते फक्त आधी पाठवलेल्या आज्ञेत असते.